वीस वर्षांची शांतता कोणी दिली?

खानदेशच्या फारुकी घराण्याविषयी एक मत आता जवळजवळ ठरून गेले आहे. राजा अलीखान शहाणा होता. त्याने अकबरापुढे वेळीच मान लववली, म्हणून 1577 पासून 1597 पर्यंत तापीखोरे सुखाने नांदले. त्याचा मुलगा बहादूरखान हेकट निघाला, त्याने बापाचे धोरण मोडले आणि चार वर्षांत राज्य घालवले. बाप मुत्सद्दी, मुलगा करंटा. नंदुरबार-शहाद्यापासून बऱ्हाणपूरपर्यंत कोणाशीही या काळाविषयी बोलावे, उत्तर बहुधा असेच मिळते.

हे मत चुकीचे आहे, असे मला म्हणायचे आहे. नंदुरबार, सुलतानपूर आणि थाळनेर ही या राज्याची पश्चिमेची नाकी. त्यामुळे हा प्रश्न आमच्या जिल्ह्याच्या जिव्हाळ्याचा आहे. पण तो आमच्यापुरता राहत नाही. आक्रमक सत्तेला थोडे थोडे देत गेल्याने युद्ध टळते की नुसते पुढे ढकलले जाते, आणि पुढे ढकलल्याचा फायदा कोणाला होतो, हा प्रश्न 1938 च्या म्युनिकपासून जगभर वादाचा आहे. त्या वादाचा एक जुना खटला आपल्या अंगणात पडून आहे. तो चालवायला हवा.

आधी पूर्वपक्ष, आणि तोही प्रामाणिकपणे. राजा अलीखान 1576 मध्ये गादीवर आला तेव्हा माळवा मोगलांकडे गेला होता आणि 1573 मध्ये गुजरातही गेला होता. म्हणजे खानदेशच्या उत्तरेला आणि पश्चिमेला एकच सत्ता उभी होती, आणि ती हिंदुस्थानातली सर्वांत मोठी सत्ता होती. 1577 मध्ये अकबराचे सैन्य खानदेशकडे निघाले. राजा अलीखानाने खंडणी कबूल केली, शाह ही पदवी सोडली, अकबराच्या नावाने खुतबा वाचवला. राज्य राहिले, गादी राहिली, बऱ्हाणपूरचा व्यापार राहिला. माणूस विद्वान आणि न्यायी होता याबद्दल दुमत नाही. बऱ्हाणपूरची जामा मशीद त्याने बांधली आणि तिच्यात अरबी लेखाच्या जोडीला संस्कृत शिलालेख कोरवला, त्यावर शके 1511 चा काल आहे. मशिदीच्या भिंतीवर देवनागरीत आपली वंशावळ कोरून घेणाऱ्या राजाला संकुचित कोण म्हणेल? पूर्वपक्षाचे आणखी एक म्हणणे आहे आणि ते त्याचे सर्वांत चतुर म्हणणे आहे. राजा अलीखान वरवर मोगलांचा आणि आतून दख्खनचा होता. दोन्ही दगडांवर पाय ठेवून त्याने दोघांनाही झुलवत ठेवले. याउलट बहादूरखानाने शहजादा दानियालच्या भेटीला जाण्याचे नाकारले, अशीरगडाचे दरवाजे लावून घेतले आणि अकबराला स्वतः दक्षिणेत यायला भाग पाडले.

हा पक्ष दुबळा नाही. म्हणूनच त्याला पुराव्याने उत्तर दिले पाहिजे.

पहिला प्रश्न असा, की वीस वर्षांची ती शांतता राजा अलीखानाच्या नम्रतेने मिळाली कशावरून? त्या काळात अकबर कुठे होता ते पाहा. 1580-81 मध्ये बंगाल-बिहारमध्ये बंड झाले आणि काबूलहून भाऊ मिर्झा हकीम चालून आला. 1583 मध्ये गुजरातेत मुजफ्फरशहाने उठाव केला. 1585 मध्ये मिर्झा हकीम वारला, काबूलचा प्रश्न उभा राहिला आणि अकबर वायव्येकडे गेला तो तेरा वर्षे लाहोरलाच मुक्काम ठोकून राहिला. 1586 मध्ये काश्मीर घेतले. त्याच वर्षी युसुफझाईंच्या डोंगरात बिरबल मारला गेला. पुढे सिंध, मग 1595 मध्ये कंदाहार. या साऱ्या काळात पलीकडे तुराणात अब्दुल्लाखान उझबेक बसला होता आणि त्याच्याकडे पाठ फिरवणे अकबराला परवडणारे नव्हते. तो अब्दुल्लाखान 1598 मध्ये मेला. त्याच वर्षी अकबराने लाहोर सोडले आणि 1599 मध्ये आग्र्याहून दक्षिणेची वाट धरली.

तारखा इतक्या सरळ बोलत असताना आपण नम्रतेचे गोडवे का गावेत? खानदेश वाचला तो बादशहा गुंतला होता म्हणून. गुंता सुटला आणि बादशहा आला. वीस वर्षे मान लववल्याचे काहीएक पुण्य त्या दिवशी कामी आले नाही.

दुसरा पुरावा नंदुरबारचाच आहे, आणि पूर्वपक्ष तो नेहमी वगळतो. 1585-86 मध्ये अकबराने गुजरात-माळव्याच्या बाजूने मिर्झा अझीज कोका याला दख्खनवर पाठवले. त्याने खानदेशची मदत मागितली. या एका वेळी राजा अलीखानाने नमते घेतले नाही. तो अहमदनगरच्या फौजेला जाऊन मिळाला. मोगल सरदारांचे आपसांत पटत नव्हतेच. समोर दोन राज्यांची जूट दिसल्यावर कोकाने लढाईचा नाद सोडला, वऱ्हाडात घुसून एलिचपूर लुटले आणि मागे दख्खनी फौज लागलेली असताना तो नंदुरबारला येऊन पोचला. सैन्य नंदुरबारला टाकून तो स्वतः मोगल सरदार खानखानान याच्याकडे मदत मागायला अहमदाबादला धावला. ती मदत वेळेवर आली नाही. मोहीम तिथेच संपली.

या अवज्ञेची शिक्षा काय झाली? काही नाही. खानदेशवर फौज आली नाही, खंडणी दुप्पट झाली नाही. उलट पाच वर्षांनी अकबराने या बाजूला वकील पाठवला तो खुद्द दरबारी कवी फैजी. म्हणजे ज्या एका प्रसंगी राजा अलीखान उभा राहिला त्या प्रसंगी आक्रमक मागे हटला, आणि उभे राहिल्याबद्दल काही मोजावेही लागले नाही. राजा अलीखानाच्या शहाणपणाचा पुरावा हवा असेल तर तो 1577 च्या खुतब्यात शोधू नये. तो 1586 मध्ये नंदुरबारच्या रस्त्यावर सापडतो.

हा योगायोग होता काय? तेही तपासू. चोवीस वर्षे मागे जाऊ. माळवा जिंकल्यावर अकबराचा सरदार पीर मुहंमदखान पळालेल्या बाजबहादूरचा माग काढत नर्मदा ओलांडून खानदेशात आला. त्याने बऱ्हाणपूर लुटले, माणसे कापली. तेव्हा गादीवर मुबारकखान फारुकी होता. त्याने बाजबहादूरला आणि वऱ्हाडच्या तुफालखानाला जोडीला घेतले. तिघांनी मिळून लुटीने जड झालेल्या मोगल फौजेला परतीच्या वाटेवर गाठले. रात्रीच्या वेळी नर्मदेत घोडा घालताना पीर मुहंमदखानाच्या घोड्याला उंटांच्या रांगेचा धक्का लागला, तो पाण्यात पडला आणि बुडाला. बाजबहादूरला काही काळ माळवाही परत मिळाला. ही गोष्ट 1562 ची. अकबराने माळवा लवकरच पुन्हा घेतला हे खरे, आणि 1564 मध्ये मुबारकखानाने आपली मुलगी अकबराला दिली हेही खरे. पण तीन शेजारी एकत्र आले तर मोगल फौज तापीकाठी टिकत नाही, हे खानदेशने एकदा नव्हे, दोनदा पाहिले होते. मोगलांपुढे दुसरा इलाजच नव्हता, असे म्हणणाऱ्यांनी 1562 आणि 1586 या दोन सालांचे काय करायचे ते सांगावे.

आता मूळ आरोपाकडे येतो. 1577 मध्ये राजा अलीखान वाकला याबद्दल मी त्याला दोषी धरत नाही. फौज दारात असताना खंडणी देणे हा राजनीतीतला नेहमीचा उपाय आहे. दोष त्यापुढचा आहे. स्वतः वाकणे वेगळे आणि आक्रमकाच्या हाताला हात लावून शेजाऱ्याला वाकवणे वेगळे. 1591 मध्ये राजा अलीखानाने अकबराच्या इच्छेप्रमाणे बुऱ्हाण निजामशहाला अहमदनगरच्या गादीवर बसवण्यासाठी रोहणखेडला लढाई दिली. पुढे त्याने आपली मुलगी शहजादा सलीमसाठी पाठवली. आणि 1595 च्या अखेरीस शहजादा मुराद आणि खानखानान यांनी अहमदनगरला वेढा घातला तेव्हा खानदेशची फौज त्यांच्या छावणीत होती. आत चांदबिबी तटाला पडलेले खिंडार रातोरात बुजवत होती. बाहेर राजा अलीखान होता, ज्याने दहा वर्षांपूर्वी याच अहमदनगरच्या खांद्याला खांदा लावून मोगलांना नंदुरबारपर्यंत पिटाळले होते.

वेढ्याचा निकाल 1596 च्या सुरुवातीला तहाने लागला. अहमदनगर वाचले, पण वऱ्हाड मोगलांना गेला. इथे नकाशा समोर ठेवावा. खानदेशच्या उत्तरेला माळवा, मोगलांचा. पश्चिमेला गुजरात, मोगलांचा. आता पूर्वेला वऱ्हाड, तोही मोगलांचा. उरली दक्षिण बाजू, आणि तिथे ते अहमदनगर, ज्याला पाडायला आपणच हातभार लावला. राज्याच्या तीन बाजू शत्रूच्या हाती आणि चौथी बाजू आपल्याच करणीने वैरी झालेली! बहादूरखानाने आळस केला असेल, अविचार केला असेल. पण राज्याभोवतीचा फास त्याने आवळला नव्हता. तो त्याला वारशात मिळाला.

दोन दगडांवर पाय ठेवण्याच्या चातुर्याचे काय झाले तेही पाहू. 1597 च्या सुरुवातीला गोदावरीकाठी, पाथरीजवळ सोनपेठच्या परिसरात विजापूरचा सुहेलखान आणि मोगल यांची मोठी लढाई झाली. राजा अलीखान मोगलांच्या बाजूने लढला आणि आपल्या माणसांसह पडला. धुरळ्यात आणि अंधारात मोगलांना तो दिसेना. त्यांनी काय समजावे? तो पळाला, किंवा शत्रूला मिळाला. आणि मोगलांनी त्याची छावणी लुटली. दुसऱ्या दिवशी रणात त्याचे प्रेत सापडले तेव्हा खरे काय ते कळले.

वीस वर्षे खंडणी दिली, खुतबा वाचवला, मुलगी दिली, शेजाऱ्यावर शस्त्र धरले, शेवटी प्राण दिला. आणि ज्यांच्यासाठी दिला त्यांच्या मनात पहिला विचार आला तो फितुरीचा. दोन्ही पक्षांना झुलवणारा माणूस दोघांच्याही विश्वासातून उतरतो, याला याहून स्पष्ट साक्ष कोणती हवी?

इथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो मराठी वाचक घेणारच. शिवाजी महाराजांनी 1665 मध्ये पुरंदरला तेवीस किल्ले दिले नाहीत काय? मिर्झाराजांच्या सांगण्यावरून विजापूरवर चाल केली नाही काय? केली. महाराजांवरही नेमका तोच डाव टाकला गेला होता, एका दख्खनी सत्तेला दुसरीवर घालण्याचा. पण पुढची पाच वर्षे पाहा. 1666 मध्ये आग्र्याहून सुटका. मग राज्याची बैठक पुन्हा बसवणे, फौजेची बांधणी, मोगलांशी वरवर सलोखा. 1670 मध्ये कोंढाण्यापासून एकेक किल्ला परत. त्याच वर्षी दुसऱ्यांदा सुरत, मग दिंडोरीची लढाई, आणि लगेच खानदेशात शिरून प्रतापराव गुजरांनी गावोगावच्या पाटलांकडून चौथाई देण्याचे लेखी करार घेतले. मोगली मुलखावर चौथाई बसली ती पहिल्यांदा या आमच्या खानदेशात. माघार आणि अनुनय यांतला भेद एवढाच आणि इतका मोठा आहे. माघार घेणारा मिळालेला वेळ स्वतःच्या बळावर खर्च करतो. अनुनय करणारा तोच वेळ समोरच्याच्या बळावर खर्च करतो. पुरंदरानंतर पाच वर्षांनी स्वराज्य 1665 पेक्षा बलवान होते. 1577 नंतर वीस वर्षांनी खानदेश कसे होते?

म्युनिकचे समर्थकही नेमके इथेच अडतात. नेव्हिल चेंबरलेन 1938 च्या सप्टेंबरमध्ये तीनदा विमानाने जर्मनीला गेले आणि 30 सप्टेंबरला पहाटे झालेल्या करारात चेकोस्लोव्हाकियाचा सुदेतन प्रदेश हिटलरला देऊन आले. ज्याचा प्रदेश द्यायचा त्या देशाला बैठकीत जागा नव्हती. समर्थक म्हणतात, ब्रिटनला एक वर्ष मिळाले; त्या वर्षात रडारची साखळी उभी राहिली, स्पिटफायर विमाने तुकड्यांना मिळाली. हे खरे आहे आणि मान्य केले पाहिजे. पण हिशेबाची दुसरी बाजू? सुदेतनबरोबर चेकांची डोंगरी तटबंदी गेली. सुमारे दहा लाख माणसे शस्त्रे घेऊन उभी होती, ती लढाईवाचून घरी गेली. पोलंड आणि हंगेरी यांनी लचके तोडून घेतले. 15 मार्च 1939 रोजी जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरले आणि स्कोडाचे कारखाने हिटलरच्या हाती पडले. 1940 मध्ये फ्रान्समध्ये घुसलेल्या जर्मन चिलखती तुकड्यांत चेक बनावटीचे रणगाडे होते. आणि म्युनिकला ज्याला बोलावले नव्हते त्या सोव्हिएत रशियाने 23 ऑगस्ट 1939 रोजी हिटलरशीच करार केला. एक वर्ष मिळाले खरे, पण ते दोघांनाही मिळाले, आणि ज्याच्या पदरात नवे कारखाने, नवी तटबंदी आणि फुटलेले शेजारी पडले त्याने ते जास्त वापरले.

अकबराची हिटलरशी बरोबरी मी करत नाही, कोणी तसा अर्थ काढू नये. अकबराचे राज्य पुष्कळ अर्थांनी उदार होते. पण ज्याचे राज्य बुडते त्याने जिंकणाऱ्याच्या स्वभावावर विसंबून धोरण आखायचे नसते. मुद्दा आक्रमक भला की बुरा हा नाही. त्याला एकेक शेजारी वेगळा काढून मिळत गेला तर काय होते, हा मुद्दा आहे.

आता बहादूरखान. त्याची वकिली मला करायची नाही. अशीरगडात त्याने गरजेपेक्षा पुष्कळ माणसे भरली, रोगराई पसरली, आणि बाहेर पडून लढण्याची धमक त्याच्यात नव्हती. अकबर 1600 च्या वसंतात बऱ्हाणपुरात आला. डिसेंबरात बहादूरखान गडाबाहेर आला आणि अडकला. 17 जानेवारी 1601 रोजी गड पडला. अकबराचा इतिहासकार अबुल फजल एक हकीकत सांगतो. जेझुइट पाद्री दुसरीच सांगतात, तीत विश्वासघात आहे आणि सोन्याची लाच आहे. या दोन हकीकतींचे इतर बाबतींत जुळत नाही. पण एका गोष्टीत दोन्ही एक आहेत. जवळजवळ वर्षभर गड झुंजत असताना बाहेरून सुटकेला कोणीही आले नाही.

कोण येणार होते? 1562 मध्ये धावून आलेला वऱ्हाड मोगलांचा झाला होता. 1586 मध्ये जोडीला उभे राहिलेले अहमदनगर ऑगस्ट 1600 मध्येच पडले होते आणि चांदबिबी तिच्याच माणसांच्या हातून मारली गेली होती. ज्यांनी यायचे त्यांना खानदेशच्या फौजेने पाच वर्षांपूर्वी खिळखिळे करून ठेवले होते. अशीरगड एकाकी पडला तो बहादूरखानाने दरवाजे लावले म्हणून नव्हे.

सर्वांत शेवटचा आक्षेप हा, की प्रतिकार केला असता तरी राज्य बुडालेच असते. मोगलांपुढे कोण टिकले? उत्तर इतिहासातच आहे. अहमदनगरची राजधानी गेली, राजा कैदेत गेला, तरी मलिक अंबरने त्या राज्याच्या उरल्यासुरल्या फौजेवर 1626 पर्यंत, मरेपर्यंत, मोगलांना दख्खनमध्ये थोपवून धरले. निजामशाही 1636 पर्यंत जगली. अंबरजवळ अशीरगड नव्हता, बऱ्हाणपूरची पेठ नव्हती, वीस वर्षांची शांतताही नव्हती. जे राज्य लढत राहिले ते राजधानी गमावूनही पस्तीस वर्षे राहिले. जे वीस वर्षे नमले ते एका वेढ्यात संपले. विजापूरनेही 1636 मध्ये तह करून आणखी पन्नास वर्षे काढली असे कोणी म्हणेल. काढली, कारण मध्ये अंतर होते आणि पुढे मराठे होते. खानदेशला दोन्ही नव्हते.

विजयानंतर अकबराने खानदेशचे नाव दानियालवरून दानदेश केले. फारुकींनी 1537 च्या सुमारास गुजरातकडून मिळवलेले आणि पुढे गुजरातच्या चंगेझखानाशी झुंजून राखलेले नंदुरबार ‘आईन-इ-अकबरी’त खानदेशच्या यादीत नाही, माळवा सुभ्याच्या यादीत आहे. बऱ्हाणपूरच्या ज्या मशिदीत राजा अलीखानाने संस्कृतात आपली वंशावळ कोरवली, तिथेच अकबराच्या दक्षिणविजयाचा लेखही कोरला गेला. दोन्ही आजही वाचता येतात, वाचकांनी जाऊन पाहावेत.

कागद समोर आहेत, तारखा समोर आहेत, निवाडा वाचकांनी करावा. माझा निवाडा मी सांगतो. खानदेश 1601 मध्ये अशीरगडावर बुडाले नाही. ते 1595 मध्ये अहमदनगरच्या तटाबाहेर, मोगलांच्या छावणीत बुडाले, आणि तिथे ते बहादूरखानाने नेले नव्हते.